सत्त्याण्णवचा डबा

मार्चमधल्या त्या शुक्रवारी ग्रॅनाइट पोर्टेजमध्ये कुणाला मरायचंच असेल, तर त्यानं दुपारी तीननंतर मरावं, असं हेक्टर पेल्टिए दरवर्षी म्हणायचा. त्या दिवशी तीनच्या ठोक्याला बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या लीगमधल्या टीमांची खेळाडूंची अदलाबदल बंद होते. मग पदरात जे पडलं असेल, त्यावरच प्लेऑफपर्यंत, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांपर्यंत, भागवायचं. टोरोंटो काय, मॉन्ट्रियल काय, आणि गावच्या रिंकवर, कँटीनच्या खिडकीशी बसणारे चार म्हातारे काय, सगळ्यांना नियम एकच.

चार म्हणायचं ते आपलं सवयीनं. चौथा डेलबर्ट मॅकफी जानेवारीत गेला. टीव्हीवर टोरोंटोच्या सामन्याचं दुसरं सत्र चालू होतं आणि तो खुर्चीतल्या खुर्चीत गेला. त्याच्या बायकोला वाटलं, खेळ बघून झोप लागली असेल. त्यात तिची काही चूक नव्हती, टोरोंटोचा खेळ तसाच होता.

आर्व्हो लाहटी अकरा वाजता कठड्याला धरून कँटीनचा जिना चढला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, त्यात उजवा खुबा कुरकुरणारा. एरवी तो तिसऱ्या पायरीवर थांबून रिंकच्या कमिटीला शिव्या घालायचा. आज थांबला नाही. आज त्याला एक काम तीनच्या आत उरकायचं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यानं डेलबर्टला फसवलं होतं. त्याची भरपाई करायची तर आजचाच दिवस होता, पुढच्या हंगामात डेलबर्टची टीमच असणार नव्हती.

या टीमांचं प्रकरण सांगायला हवं. चाळीस वर्षांपूर्वी, कागदाच्या मिलमध्ये तिन्ही पाळ्या धडधडत होत्या तेव्हा, आठ मित्रांनी हा खेळ सुरू केला. ऑक्टोबरमध्ये प्रत्येकानं लीगमधले बारा खेळाडू आपले म्हणून निवडायचे. खऱ्या सामन्यात त्यांच्यापैकी कुणी गोल केला, किंवा गोलाला पास दिला, की निवडणाऱ्याला एक गुण. पुढे लीगनं पगाराची मर्यादा आणली तशी यांनीही आणली. बारा जणांचे खरे पगार मिळून ठरलेल्या आकड्याच्या खाली राहिले पाहिजेत. "पूर्वी नुसतं हॉकी कळलं की भागायचं," आर्व्हो म्हणायचा, "आता निम्मा वेळ कारकुनी करावी लागते." हंगामाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त, त्याला डबा. डबा म्हणजे मिल कामगाराचा जुना, पोचे पडलेला जेवणाचा डबा. त्याच्या झाकणावर दरवर्षी जिंकणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी ठोकायची. विकायला नेला तर भंगारवालाही हसला असता, पण त्याच्यापायी दोन मेहुणे वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते.

तेव्हा काय दिवस होते! खिडकीशी आठ खुर्च्या, टेबलावर सिगारेटचा धूर, खाली बर्फावर पोरांचा दंगा. एक पाळी सुटायची, दुसरी भरायची, आणि मधल्या अर्ध्या तासात इथे बसायला जागा मिळायची नाही. लाकडी काठ्या मोडल्याचा आवाज वरपर्यंत यायचा. आता काठ्या कसल्याशा हलक्या धाग्याच्या असतात आणि मोडल्या तरी आवाज करत नाहीत. मिल बंद पडून सोळा वर्षं झाली. आठातले चौघे एकेक करून गेले, डेलबर्ट पाचवा. आर्व्होला या कँटीनमध्ये आलं की बटाटे तळल्याचा आणि ओल्या हातमोज्यांचा तोच जुना वास यायचा. डोळे मिटले तर आठही जण बसलेत असं वाटायचं, म्हणून तो डोळे मिटायचं टाळायचा.

"आला बघ फिनलंडचा राजा," हेक्टर म्हणाला. "खुबा काय म्हणतो?"

"तुझ्या मॉन्ट्रियलच्या बचावापेक्षा बरा आहे. निदान उभा तरी राहतो."

"माझ्या मॉन्ट्रियलला नावं ठेवू नकोस. आमची टीम नवी बांधतायत."

"किती वर्षं बांधतायत? एवढ्यात लोकांनी धरण बांधलं असतं," ओरेस्ट डॅनिलक म्हणाला. ओरेस्ट पोस्टातून निवृत्त झालेला. या खेळाचा पंच तोच. गुण तोच मोजायचा आणि दरवर्षी शेवटचा नंबरही त्याचाच.

"आणि तुझं टोरोंटो रे? सदुसष्टपासून कपाची वाट बघतोयस. लग्नाआधीपासून!"

"यंदा प्लेऑफची पहिली फेरी काढणार. लिहून ठेव."

"दरवर्षी लिहून ठेवतोय. वही संपली, लेका."

आर्व्हो हसला. कॉफी घेऊन बसला, पण त्याचं लक्ष जिन्याकडे होतं. यांच्यात एक रीत होती. हंगामाच्या मध्ये माणूस गेला, तरी त्याची टीम जात नाही. तिचे गुण शेवटपर्यंत मोजायचे. आधीच्या चौघांच्या टीमा तशाच, कुणी हात न लावता, चालू राहिल्या होत्या. पण परवा डेलबर्टच्या बायकोनं, ओडीलनं, ओरेस्टला फोन करून सांगितलं होतं, की शुक्रवारी डेलबर्टच्या टीमसाठी मी येणार आहे.

बरोबर बाराला ती आली. पंचाहत्तरीची बाई, अंगात डेलबर्टचा जाड कोट, हातात मलमलीच्या फडक्यात बांधलेला गोड पाव. तिघेही उठून उभे राहिले. चाळीस वर्षांत या टेबलाशी कुणाची बायको बसली नव्हती. बसू नये असा नियम नव्हता, पण कुठल्याच शहाण्या बाईला बसावंसं वाटलं नव्हतं.

"ओडील, तू कशाला तसदी घेतलीस गं?" ओरेस्ट म्हणाला. "टीम आहे तशी राहिली असती. डेलबर्ट दुसरा आहे. हेक्टरच्या फक्त नऊ गुण मागे."

"दुसरा तो वीस वेळा आला," ओडील म्हणाली. "मला पहिला नंबर पाहिजे. बसा सगळे, उभे काय राहिलात? मी काय पाद्री आहे?"

ती डेलबर्टच्या खुर्चीवर बसली आणि पाव कापायला लागली. हेक्टरनं वातावरण सैल करायला पुन्हा टोरोंटोचा विषय काढला. ओरेस्ट नेहमीसारखा पेटला. आपल्या पुढच्या फळीसारखी फळी लीगमध्ये नाही, असं तो सांगत होता.

"फळी घेऊन काय चाटायचीये?" ओडील सुरी न थांबवता म्हणाली. "निम्मा पगार चौघांवर उधळल्यावर बचावाला राहणार काय, डोंबल? गोलरक्षक बिचारा एकटा उभा असतो, यात्रेत हरवल्यासारखा."

तिघेही तिच्याकडे बघायला लागले.

"बघताय काय? चाळीस वर्षं फोनची एक बाजू ऐकलीये मी. दुसरी बाजू काय असणार हे कळायला फार डोकं लागत नव्हतं."

आर्व्होनं कप खाली ठेवला. जानेवारीपासून त्याचा फोन गप्प होता. रोज सकाळी सातला वाजायचा तो. डेलबर्ट नमस्कार-चमत्कार न करता एकदम "बघितलंस काल?" असंच सुरू करायचा. आर्व्हो अजून पावणेसातला उठून कॉफी टाकायचा आणि फोनशेजारी बसायचा, आणि आपल्याला कुणी बघत नाही म्हणून बरं, असं त्याला वाटायचं. डेलबर्टची त्याला आठवण यायची. फार यायची.

दीड वाजता बोलणी सुरू झाली. हेक्टरनं ओरेस्टकडून एक स्वीडिश पोरगा काढून घेतला, ओरेस्टला आपण फसलो हे नेहमीसारखं दहा मिनिटांनी कळलं. मग आर्व्होनं खाकरून सांगितलं,

"मी ओडीलला एकस्ट्रँड देतो. बदल्यात मला मॅकेल्वी."

हेक्टरच्या हातातला पाव तोंडाशीच राहिला. एकस्ट्रँड म्हणजे सोन्याचं अंडं. तेविशीतला पोरगा, पहिल्याच करारावरचा म्हणून पगार चिमूटभर आणि गोल ओंजळभर. अशा खेळाडूसाठी लोक नातेवाईक विकतात. आणि ब्रॉडी मॅकेल्वी सदतीस वर्षांचा, पाठीनं अधू, जुन्या भक्कम करारामुळे पगार मात्र राजासारखा. डिसेंबरपासून त्यानं गोलाचं तोंड पाहिलं नव्हतं. डेलबर्टनं त्याला नुसत्या हट्टापायी ठेवला होता.

"तू बरा आहेस ना?" ओरेस्टनं विचारलं. त्यानं गणकयंत्रावर बोटं मारली. "मॅकेल्वी घेतलास तर तू मर्यादेच्या कितीतरी वर जातोस."

"मग आणखी दोघांना सोडतो."

"म्हणजे दहाच राहतील!"

"राहू देत दहा."

"अरे, पण एकस्ट्रँड तिकडे गेला की डेलबर्ट मला पंधरा दिवसांत मागे टाकेल," हेक्टर म्हणाला.

"मला ठाऊक आहे."

हेक्टरनं पाव खाली ठेवला आणि हात वर केला. "मी अडवतो. एकतर्फी अदलाबदल. ओरेस्ट, तूही हात वर कर."

हा नियम डेलबर्टनंच केलेला. एका वर्षी ओरेस्टचं घर जळालं, तेव्हा सगळे त्याला दयेपोटी चांगले चांगले खेळाडू द्यायला निघाले. डेलबर्ट भडकला. घर पाहिजे असेल तर घर बांधून देऊ, खेळाडू द्यायचे नाहीत, तो म्हणाला. त्या जूनमध्ये सगळ्यांनी मिळून, पाळ्या सांभाळून, ओरेस्टचं घर खरोखर उभं केलं. आणि ओरेस्ट त्या वर्षीही शेवटचाच आला. तेव्हापासून नियम पडला, की अदलाबदलीत दयेचा वास आला तर दोघांनी हात वर करायचे आणि ती रद्द.

"ही दया नाही," आर्व्हो म्हणाला.

"मग काय आहे?"

आर्व्होनं खाली बघितलं. बर्फावर शाळेतल्या मुली सराव करत होत्या. हे आपण असं सगळ्यांदेखत सांगणार नव्हतो, त्याला वाटलं. अदलाबदल मुकाट झाली असती तर ते आपल्याबरोबर मातीत गेलं असतं. पण घड्याळात दोन वीस झाले होते.

"देणं आहे," तो म्हणाला. "सत्त्याण्णवचं."

"सत्त्याण्णवला तू जिंकलास," ओरेस्ट म्हणाला. "डेलबर्टहून तीन गुण जास्त. माझ्या लक्षात आहे."

"मी जिंकलो नाही. चोरलं."

आणि मग त्यानं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज मिलमध्ये मुकादमापुढे उभं राहिल्यासारखा झाला.

त्या वर्षी त्याची बायको ब्लांश थंडर बेच्या इस्पितळात होती. पोटात गाठ, ती पसरलेली. गावापासून चार तासांचा रस्ता. आर्व्हो आठवडाभर मिलमध्ये रात्रपाळी करायचा आणि शुक्रवारी सकाळी तसाच गाडीत बसायचा. अदलाबदलीचा दिवस त्या वर्षी मंगळवारी आला होता. आदल्या रात्री बर्फ पडलेला. डेलबर्ट महामार्गावरचा बर्फ काढायच्या गाडीवर होता, पहाटे चारपासून बाहेर. आर्व्हो घरी येऊन झोपला, दुपारी उठला आणि बाराच्या बातम्यांत त्यानं ऐकलं, की ह्रडिच्काचा गुडघा सकाळच्या सरावात गेला. हंगाम संपला त्याचा. ह्रडिच्का म्हणजे आर्व्होच्या टीमचा कणा, आणि डेलबर्ट त्याच्यासाठी नाताळपासून मागे लागलेला.

"डेलबर्ट दोनला घरी आला असणार, हे मला माहीत होतं," आर्व्हो म्हणाला. "गाडीत रेडिओ नव्हता. घरी तुझ्या स्वयंपाकघरात, ओडील, रेडिओ कधी बंद नसायचा, तरी मी फोन फिरवला. म्हटलं, बघू. तो उचलून म्हणाला, 'आर्व्हो, दाराशी बर्फ किती साचलाय, बूटसुद्धा काढले नाहीत अजून.' मी म्हटलं, 'ह्रडिच्का पाहिजे ना तुला? बदल्यात तुझा तो पोरगा दे, कोस्कीला.' आनंदानं पोरासारखा ओरडला रे तो. 'झालं,' म्हणाला. फोनवर 'झालं' म्हटलं की झालं, मागे फिरायचं नाही. संध्याकाळी सगळ्यांना कळलं. मी म्हटलं, 'अरे देवा, मलाही आत्ताच समजलं.' तो हसला. म्हणाला, 'नशीब, दुसरं काय!' कोस्कीलानं शेवटच्या आठवड्यात सहा गोल मारले."

कँटीनवालीनं रिकामे कप उचलले आणि टेबलाचा रंग बघून काही न विचारता गेली.

"पुढे आहे अजून," आर्व्हो म्हणाला. आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. "मी तो डबा ब्लांशकडे घेऊन गेलो. तिच्या उशाशी ठेवला. तिनं विचारलं, 'कसं जमवलंस रे?' मी तिला थाप मारली. म्हटलं, ह्रडिच्का वळताना डाव्या पायावर जोर देत नाही हे मी आधीच हेरलं होतं, महिनाभर टीव्हीसमोर बसून अभ्यास केला. ती मला तेच तेच पुन्हा सांगायला लावायची. नर्सांना बोलावून सांगायला लावायची. मी दर खेपेला थोडं थोडं वाढवत गेलो. ती हसायची, खोकला येईपर्यंत हसायची. मे महिन्यात ती गेली. मरणाऱ्या बायकोशी मी खोटं बोललो, ओडील, आणि जिवंत मित्राला लुबाडलं. डेलबर्टचं नाव त्या डब्यावर नाही. एकदाही नाही. सत्तावीस वर्षं त्याच्याशी रोज बोललो आणि रोज म्हटलं, उद्या सांगतो."

हेक्टरनं टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याच्यासारख्या माणसाला विनोद सुचत नव्हता, हीच मोठी गोष्ट. "च्यायला, आर्व्हो," एवढंच तो म्हणाला. मग ओरेस्टकडे वळला, "मग ती पट्टी काढायची का आता? नियमानं?"

"हात लावून बघ त्या पट्टीला," ओडील म्हणाली.

ती इतकी हळू बोलली, की तिघांनाही वाकावं लागलं.

"माझा रेडिओ त्या दिवशी बंद होता, आर्व्हो. बायबल वाचतानासुद्धा मी रेडिओ लावते. त्या दिवशी बंद होता. तुला कधी नवल वाटलं नाही?"

आर्व्होला खरंच कधी वाटलं नव्हतं. नशीब म्हणून त्यानं ते तेव्हाच गिळून टाकलं होतं.

"साडेदहाला मला ब्लांशचा फोन आला. थंडर बेच्या स्टेशनवर बातमी तुमच्या आधी लागली होती. ती खाटेवर पडून दिवसभर हॉकीच ऐकायची, दुसरं करणार काय? म्हणाली, 'ओडील, ह्रडिच्काचा गुडघा गेला. तुझा रेडिओ बंद कर. आता माझा नवरा तुझ्या नवऱ्याला फसवणार आहे, आणि तू फसवू द्यायचंस.'"

"ब्लांश?" आर्व्हो म्हणाला.

"ब्लांश. मी म्हटलं, 'अगं, काय बोलतेस? डेलबर्ट यंदा पहिला येतोय, माझ्या नवऱ्याचं काय?' तर म्हणाली, 'डेलबर्टला जिंकायला पुढची वर्षं पडलीत. माझ्याकडे हे एकच आहे.' शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. नन आमच्या हातांवर एकाच पट्टीनं मारायच्या. तिला मी नाही कशी म्हणणार होते? डेलबर्ट घरी आला, विचारलं, 'आज रेडिओ का बंद?' मी म्हटलं, 'डोकं दुखतंय.' मला त्रास होईल म्हणून तो बिचारा मोठ्यानं बोलेनासुद्धा. तेवढ्यात तुझा फोन वाजला."

तिनं सुरी पुसून फडक्यात गुंडाळली. मग उलगडून पुन्हा गुंडाळली.

"तू एकट्यानं नाही चोरलंस. आणि तो पुढे कधीच जिंकला नाही. दर एप्रिलमध्ये तो दुसरा यायचा, आणि दर एप्रिलमध्ये मी त्याच्यासाठी त्याच्या आवडीचा केक करायचे. त्याला वाटायचं, बायको सांत्वन करतेय. म्हणून आज आले मी इथे. माझंही देणं आहे."

आर्व्हो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे ती खोली आली. पिवळा पडदा, ब्लांशचे वाळलेले हात, आणि तिचं ते हसणं. इतकी वर्षं त्या हसण्यानं त्याला जाळलं होतं. आपल्या थापेवर भाबडेपणानं हसणारी बायको! आणि तिला सगळं ठाऊक होतं.

"म्हणजे ती हसायची ती..."

"तुला हसायची. दुसऱ्या कुणाला? तू आलास की त्या संध्याकाळी मला फोन. 'आज त्यानं डाव्या पायाच्या गोष्टीत उजवा घोटाही घातला, ओडील. उद्या बहुतेक डॉक्टरची पदवी घेईल.'"

हेक्टरला हसू फुटलं. ओरेस्टलाही. आर्व्होला मात्र हसू येत नव्हतं.

"ती मला चांगला समजली, ओडील," तो म्हणाला. "तिला वाटलं असेल, मी तिच्यासाठी केलं. मी तिच्यासाठी नव्हतं केलं. फोन फिरवताना ती मला आठवलीही नव्हती. मला नुसता डबा पाहिजे होता."

"तिलाही नेमकं तेच पाहिजे होतं, वेड्या."

"काय?"

"ती म्हणाली, 'दोन महिने हा माणूस दर शुक्रवारी येतो, नुसता माझ्या उशाशी बसतो आणि माझ्याकडे बघतो. जेवत नाही, भांडत नाही. मॉन्ट्रियल हरलं तरी त्याला आनंद होत नाही. मी गेल्यावर हाही बसल्या जागी जाईल. आज ही बातमी ऐकून त्याला लबाडी सुचली, तर समजेन माझा नवरा अजून जिवंत आहे. फोन आला तर मला लगेच कळव.' सव्वादोनला मी कळवलं. 'आला गं फोन,' म्हटलं. मग कितीतरी वेळ तिकडून आवाजच नाही. मला वाटलं लाइन तुटली. ती रडत होती, आर्व्हो. म्हणाली, 'चला, सुटले मी.'"

आर्व्होनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हेक्टरनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहू दिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस रिंकच्या कँटीनमध्ये भर दुपारी हुंदके देत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. खाली मुलींचा सराव संपला, शिट्टी वाजली, बर्फ सारखा करणारं यंत्र बाहेर आलं.

ओरेस्ट घड्याळाकडे बघत चाचरत म्हणाला, "मला बोलायला नको वाटतंय, पण तीनला बारा मिनिटं आहेत. एकस्ट्रँडचं काय ठरलं? हेक्टर, तू हात खाली घेणार असशील तर..."

"घेतो," हेक्टर म्हणाला. "माझ्याकडे सात पट्ट्या आहेत. एक कमी झाली तर मरणार नाही. जाऊ दे, डेलबर्टला जिंकू दे."

"नाही," ओडील म्हणाली. "हात वरच ठेव. एक डबा फुकट देऊन झालाय. तो तिच्यासाठी होता. आता डेलबर्टला फुकट दिलात तर तो वर बसून मला जन्मभर बोल लावेल. जिंकायचं तर धंदा करून जिंकायचं." तिनं कोटाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "आर्व्हो, तोंड पूस. तुझा तो डॅनिश बचावपटू मला दे. बदल्यात माझा विनिपेगचा घे. दोघांचा पगार सारखाच, मर्यादेचा प्रश्न नाही."

आर्व्होनं बाहीनं डोळे पुसले. नाव ऐकलं. मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. त्याची मान हळूहळू वर आली.

"विनिपेगचा? तो? त्याला गेल्या आठवड्यापासून बचावाच्या शेवटच्या जोडीत टाकलाय!"

"तात्पुरता टाकलाय."

"तात्पुरता! ओडील, मी रडतोय म्हणून मला आंधळा समजलीस काय? माझा डॅनिश बचावपटूंत सहावा आहे, सबंध लीगमध्ये! सहावा! आणि तू मला त्या लंगड्या घोड्यावर बसवतेस?"

"सहावा होता. नोव्हेंबरात! त्यानंतर त्यानं काय दिवे लावलेत ते सांग की!"

"दिवे? परवाचा सामना बघितलास का तू? का विणत बसली होतीस?"

"विणता विणता बघितला! दोन गोल त्याच्याच चुकीनं झाले!"

"एक! एकच झाला! दुसरा गोलरक्षकाच्या मांडीला लागून गेला!"

तो उभा राहिला होता. खुबा दुखत होता की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. गालांवर पाणी तसंच होतं आणि तो टेबलावर मूठ आपटून ओरडत होता. समोर डेलबर्टच्या कोटातली बाईही उठून तितक्याच जोरात ओरडत होती. खाली बर्फावर यंत्र थांबलं, आणि चालवणाऱ्यानं मान वर करून खिडकीकडे पाहिलं.